मशीन खरं, बाकी भेसळ

मित्रांनो, शेवटी मला मानपाड्याच्या नाक्यावर, खांबाच्या चौथऱ्यात, ओल्या काँक्रीटमध्ये, चालू अवस्थेत पुरण्यात आलं.

असो. असं काहीही झालेलं नाही. मी ते वाक्य बोललेलो नाही आणि तुम्ही ते वाचलेलं नाही. आपण रीतीप्रमाणे सुरुवात करू.

मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. यातल्या 'एक' या शब्दाला ठाण्याच्या सलिलसाहेबांची हरकत आहे, पण ते पुढे येईल. माझा जन्म परदेशात झाला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण नाव डायलवर असतं आणि डायल माझा नाही. डायल कल्याणचा आहे. काटे ठाण्याचे आहेत. सोनेरी बॉडी डोंबिवलीची आहे. आतलं मशीन तेवढं मूळचं. म्हणजे खरं सांगायचं तर ही गोष्ट माझं मशीन सांगतंय आणि बाकीचे भाग तोंड मिटून ऐकतायत. यातलं अर्धं तर डायललाही नवीन आहे. तो नंतर आला.

माझ्या बालपणाबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. एका लख्ख खोलीत पांढरे डगले घातलेल्या माणसांनी मला चिमट्याने जोडलं. त्यातल्या एकानेही माझ्यावर प्रेम केलं नाही, त्यामुळे त्या काळात माझं काहीच बिघडलं नाही. प्रेम पुढे मिळालं. तेव्हापासून एकेक भाग जायला लागला.

खाडीकाठच्या एका मिठागराच्या मॅनेजरसाहेबांनी मला विकत घेतलं. साहेब रोज बांधावरून फिरायचे आणि दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघायचे. किती वाजले ते कळावं म्हणून नव्हे, आपल्याकडे घड्याळ आहे हे मजुरांना कळावं म्हणून. एकदा असेच माझ्याकडे बघत चालताना ते बांधावरून घसरले आणि थेट खाजणाच्या चिखलात कमरेपर्यंत रुतले. भरती चढत होती. बांधावरचे मजूर ओरडत होते, "साहेब, हलू नका!" साहेबांना हलता येतच नव्हतं, त्यामुळे हा सल्ला त्यांनी तंतोतंत पाळला.

त्या गर्दीत मानपाड्याचा राघो होता. नुकती मिसरूड फुटलेला. तो काही ओरडला नाही. त्याने एक फळी चिखलावर टाकली, तिच्यावर पालथा पडला आणि साहेबांचं मनगट धरून ओढायला लागला. पाणी साहेबांच्या हनुवटीला लागलं, राघोच्या नाकातोंडात गेलं, माझ्या मशीनमध्येही गेलं. शेवटी सुटलो. आधी मी सुटलो, मग साहेब. माझा पट्टा तुटून मी राघोच्या मुठीत आलो.

साहेबांना बांधावर आडवं घातलं. त्यांनी तोंडातला चिखल थुंकला आणि पहिला प्रश्न विचारला, "घड्याळ कुठंय?"

राघोने मूठ उघडली. साहेबांनी मला कानाला लावलं. मी बंद होतो.

"ठेव तुला," साहेब म्हणाले.

बंद घड्याळ बक्षीस देणं याला औदार्य म्हणतात. चालू घड्याळ देणाऱ्याला वेडा म्हणतात.

राघोने मला घरी नेऊन गोड्या पाण्याने धुतलं आणि चुलीच्या वरच्या दांडीला टांगलं. कोणीही शहाण्या माणसाने घड्याळाचं असं करू नये. पण काही दिवसांनी मी चालू झालो. माझाच माझ्यावर विश्वास बसला नाही. राघोचा मात्र बसला. तेव्हापासून त्याला एक सवय लागली. सकाळी ओट्यावर बसायचं, मला कानाला लावायचं, कोणी विचारलेलं नसताना "चाललंय" असं म्हणायचं, आणि मग चावी द्यायची. आधी कान, मग चावी. चावी देऊन मग कानाला लावलं असतं तर त्याला कधी फसगतीची भीती राहिली नसती. पण राघोला आधी ऐकायचं असायचं. मी त्याला राघोच म्हणतो. रोज ज्याच्या नाडीला चिकटून काम करायचं त्याला अहो-जाहो करता येत नाही.

एवढं सगळं धुऊन-वाळवूनही थोडं मीठ माझ्यात राहून गेलं. तळाशी, एका चाकाच्या आडोशाला, पांढरट-हिरवं. ते मीठ लक्षात ठेवा. दुसरं कोणी ठेवणार नाही.

आता मी तीन गावांचा कसा झालो ते सांगतो. राघोचं लग्न ठरलं. आगऱ्यांच्या घरातली हळद तुम्हाला माहीत असेल. माहीत नसेल तर ती तुमच्या घरापर्यंत ऐकू आली असेल. नवरदेवाला पाटावर बसवला. बायकांनी त्याला नखशिखांत हळद फासली. कोणीतरी म्हणालं, "अरे, घड्याळ काढ." त्यावर राघोची आई म्हणाली, "कशाला काढतोय? ते घड्याळ हाय म्हणून तर पोर पाण्यातून वर आलाय. त्यालापण लावा." मग मलाही लावली. कोपऱ्या-कोपऱ्यातून, काचेच्या कडेने, मायेने दाबून. लग्न झालं, गोदा घरात आली, आणि माझा डायल पिवळा पडून फुगला. राघोने मला कल्याणच्या कारागिराकडे नेलं. त्याने जुना डायल काढून टाकला आणि हाताने रंगवलेला नवा बसवला.

यातून घरात एक रिवाज पडला. घरातल्या प्रत्येक नवरदेवाने हळदीला राघोचं घड्याळ हातात घालायचं. राघोच्या मुलाचं, नयनचं, लग्न झालं तेव्हा हळद लावून झाल्यावर मित्रांनी त्याला उचलून पाण्याच्या टाकीत टाकला. माझे काटे आणि काच गेली. ठाण्याहून नवे काटे आले, ते दुसऱ्याच कुठल्या घड्याळाचे होते. दोन्ही एकाच लांबीचे. तेव्हापासून माझ्यात किती वाजलेत हा ज्याच्या त्याच्या मताचा प्रश्न झाला. मग मुलीचं, जागृतीचं, लग्न झालं. जावयाच्या हातात खारट घामाने आधीच खाल्लेली माझी बॉडी तडकली. गोदाने डोंबिवलीच्या बाजारात जाऊन नवी पितळी बॉडी बसवून घेतली आणि तिला सोन्याचं पाणी दिलं. "सायबाचं घड्याळ हाय, उघडंबोडकं कसं ठेवायचं?" असं ती म्हणाली.

मित्रांनो, त्या घरात प्रत्येक लग्नात दोघांचं एक झालं आणि माझं एक गेलं. माझं कोणीही वाईट चिंतलं नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

मधल्या काळात मिठागर बंद झालं. साहेब कुठे गेले कोणाला माहीत नाही. राघोच्या शेतावर इमारती आल्या आणि राघोच्या घरी पैसा आला. गेटवर दोन सिमेंटचे सिंह बसले. नयनच्या मुलाने, दिपेशने, रेती-सिमेंटचा धंदा टाकला आणि स्वतःचे इतके बॅनर लावले की नाक्यावर सावली मिळायला लागली. राघोकडे सगळं होतं. पण ते जमिनीने दिलेलं होतं, आणि जमीन काही राघोने केली नव्हती. स्वतःच्या हाताने केलेली गोष्ट त्याच्याजवळ एकच होती : एका माणसाला भरतीतून ओढून काढलं होतं. ती तो नाक्यावरच्या टपरीवर बसून सांगायचा. गोष्ट संपली की मला मनगटावरून सोडवून समोर ठेवायचा. लोक मला बघायचे आणि त्याला चहा पाजायचे. गोष्ट त्याची, पुरावा मी, चहा लोकांचा. असं पन्नास-पंचावन्न वर्षं बरं चाललं होतं.

मग दिपेशला निवडणूक लढवायची इच्छा झाली, आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्या आजोबांच्या नावाचा चौक नाही. नाक्यावर खांब उभा करायचा, खांबावर माझी माणसापेक्षा उंच सिमेंटची प्रतिकृती, खाली नाव : राघोदादा घड्याळ चौक. अर्जात 'निधनाची तारीख' असा रकाना होता. दिपेशने तिथे 'लवकरच' असं लिहिलं. मूर्तिकाराने मला समोर ठेवून प्रतिकृती घडवली, त्यामुळे तिच्यातही दोन्ही काटे एकाच लांबीचे झाले.

याला विरोध केला तो सुदेशने. सुदेश म्हणजे दिपेशच्या भावकीतला, घराला घर लागून, बांधाला बांध लागून, आणि म्हणून जन्माचा वैरी. त्याला चौकाला स्वतःच्या आजोबांचं, रतनचं, नाव हवं होतं. रतनने उभ्या आयुष्यात कोणालाही वाचवलं नव्हतं. पण तो मेलेला होता, आणि त्या बाबतीत राघो मागे पडत होता.

सुदेश टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "अरे कुठला साहेब आणि कुठला चिखल! भंगारवाल्याकडून डबा उचलून आणला म्हाताऱ्याने, आणि जन्मभर त्याच्यावर फुकट चहा पितोय. बघ ना, सोन्याचं घड्याळ म्हणे! साहेब मिठागरात सोन्याचं घड्याळ घालून चिखल तुडवत होता काय?"

राघोने पट्टा सोडवला. त्याने मला समोर ठेवलं. आणि मित्रांनो, पहिल्यांदाच कोणी चहा सांगितला नाही.

"चल, होऊन जाऊ दे," दिपेश म्हणाला. "ठाण्याला एकदम टॉपचा माणूस आहे. त्याच्याकडून चेक करून आणतो. उद्घाटनाला माइकवर वाचून दाखवतो, खरं का खोटं, आणि किती लाखाचं."

"आणि खोटं निघालं तर?"

"तर चौक तुझ्या आजोबाचा."

"डन," सुदेश म्हणाला. "आणि खरं निघालं तर मी सगळ्यांसमोर राघोआजाच्या पाया पडतो."

घरी आल्यावर गोदा राघोला म्हणाली, "कशाला त्या पोरांच्या नादी लागताव? मना म्हाईत हाय ना, तुमी खरा बोलताव."

"तुना म्हाईत हाय," राघो म्हणाला. "तू च्या पाजतस घरान. भायेर कोन पाजतंय?"

अशा रीतीने मी, राघो आणि दिपेश ठाण्याला गेलो. सलिलसाहेब नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि जुनी घड्याळं तपासतात. माणूस अत्यंत सभ्य. त्यांनी पांढरे हातमोजे घातले, एका डोळ्यात भिंग बसवलं आणि दुसरा डोळा दयेसाठी मोकळा ठेवला. तो त्यांनी वापरला नाही.

"कागदपत्रं? पावती? मूळ डबी?"

"साहेब, तवा चिखल व्हता," राघो म्हणाला.

"चिखलाची पावती नसते," सलिलसाहेब म्हणाले आणि मला उचललं.

मित्रांनो, अस्सलपणा कसा तपासतात हे मी आतून पाहिलेलं आहे. आधी डायल बघतात. सलिलसाहेब म्हणाले, "मिनिटांच्या रेघा बघा. बाराच्या डावीकडे दाट, उजवीकडे विरळ. असा डायल कारखान्यात होत नाही, घरगुती होतो, लोणच्यासारखा." मग काटे. "हे दोघे जुळे दिसतात. तासकाटा कुठला हे कुटुंबात ठरवून घेता का?" मग बॉडी. "या मॉडेलची मूळ बॉडी पोलादाची. ही पितळ आहे, वर मुलामा. आणि हे काचेच्या कडेला पिवळं काय आहे?" त्यांनी मला नाकाशी नेलं. "हळद?"

"चांगली घरची आहे सर," दिपेश म्हणाला. "तीन लग्नांची."

सलिलसाहेबांनी मला टेबलावर ठेवलं. "माफ करा, पण हे घड्याळ नाही. ही आघाडी आहे. कोणाचा कोणाशी संबंध नाही आणि सगळे एकाच खुर्चीत बसलेत."

राघो मान खाली घालून बसला होता. त्याच्या मनगटावर मी नव्हतो, तिथे पांढरा पट्टा उमटलेला होता, आणि तो त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवत होता.

मग सलिलसाहेबांनी माझी पाठ उघडली. बराच वेळ बघितलं. "मशीन मात्र अस्सल आहे," ते म्हणाले. राघोने मान वर केली. "क्रमांक बरोबर, काळ बरोबर. फक्त एक आहे. याच्यात कधीतरी खारं पाणी गेलेलं आहे. इथे, या चाकाखाली. समुद्राचं किंवा खाडीचं. क्षार तसेच बसलेत."

राघो खुर्चीतून उठला. त्या वयात तो एका झटक्यात उठला हे मी त्याच्या ढोपरांच्या आवाजावरून सांगतो. "तोच! साहेब, तोच तर मी सांगतोय! खारा पानी! तेवढा लिवा तुमी. बाकी काय लिवू नका, खारा पानी लिवा!"

"लिहिणारच," सलिलसाहेब शांतपणे म्हणाले. "ते दोषांमध्ये येतं."

आणि त्यांनी लिहिलं. उभ्या जगात राघोच्या बाजूने साक्ष देणारं एक चिमूटभर मीठ होतं, ते दोषांमध्ये गेलं. "सगळं मूळचं असतं तर दोन लाखांपर्यंत गेलं असतं," सलिलसाहेबांनी हिशेब केला. "हे असं, सुटे भाग म्हणून, पाचशे. मीठ वजा जाता साडेतीनशे."

दिपेशने आजोबांना खाली गाडीत नेऊन बसवलं आणि 'मोबाइल विसरलो' म्हणून परत वर आला. मी टेबलावरच होतो.

"सर, सगळं ओरिजिनल असलेलं कुठे भेटेल?"

सलिलसाहेबांनी खण उघडला. तिथे माझा सख्खा भाऊ होता. त्याच कारखान्यातला, त्याच वर्षाचा, त्याच मापाचा. पोलादी बॉडी, मूळ डायल, काट्यांमध्ये लहान-मोठेपणा. त्याला कोणी पाण्यातून काढलं नव्हतं, चुलीवर टांगलं नव्हतं, हळद लावली नव्हती. तो सगळं आयुष्य डबीत होता. त्याच्यावर कोणीही, कधीही, काडीचं प्रेम केलेलं नव्हतं. म्हणून त्याचा भाव दोन लाख.

"याचं सर्टिफिकेट द्याल?"

"अवश्य. हे शंभर टक्के अस्सल आहे. मालक म्हणून नाव?"

"राघो आजोबांचं लिहा. आणि ते मिठागराचं, साहेबांचं वगैरे?"

"मी घड्याळं तपासतो," सलिलसाहेब म्हणाले. "आजोबा नाही."

हे लक्षात घ्या की सलिलसाहेब एक अक्षरही खोटं बोलले नाहीत. त्यांनी फक्त, आपण कोणत्या घड्याळाबद्दल खरं बोलतोय, एवढं गावाला सांगितलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी राघोने मला कानाला लावलं, "चाललंय" म्हणाला आणि पोटभर चावी दिली. दुपारी दिपेश आला. "आजोबा, द्या. स्टेजवर ठेवायचंय." राघोने मला स्वतः सोडवून दिलं. दिपेशने मला पँटच्या मागच्या खिशात घातलं, आणि तो सगळा कार्यक्रम मी त्याच्या ढुंगणाखाली बसून ऐकला. इतक्या जवळून ऐकल्यामुळे माझा वृत्तान्त विश्वसनीय मानावा.

सनई झाली, डीजे झाला, एमआयडीसीकडून नेहमीचा वास आला, पाहुण्यांनी रुमाल नाकाला लावले आणि निवेदकाला वाटलं लोक गहिवरले. सर्टिफिकेट माइकवर वाचलं गेलं. "शंभर टक्के अस्सल! किंमत रुपये दोन लाख!" टाळ्या. पडदा सरकला, खांबावरची प्रतिकृती दिसली. आणखी टाळ्या. सुदेश दिलेल्या शब्दाप्रमाणे उठला आणि पाया पडायला स्टेजच्या पायऱ्या चढायला लागला.

मखमलीच्या उशीवर ठेवलेलं घड्याळ राघोच्या हातात दिलं. खांबावरचं घड्याळ माझ्यावरून केलेलं होतं आणि उशीवरचा माझा भाऊ होता. दोन्हींत काडीचं साम्य नव्हतं. एवढ्या गर्दीत हे कोणाच्याही लक्षात आलं नाही.

राघोने त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याने आधी कान लावला.

"ह्या माजा नाय," तो म्हणाला. माइक जवळ होता. नाक्याच्या चारही रस्त्यांना ऐकू गेलं.

"आजोबा, पॉलिश केलंय," दिपेश हसत म्हणाला.

"ह्या माजा नाय. माजा घड्याल कुठंय?"

सुदेश शेवटच्या पायरीवर, अर्धा वाकलेला, तसाच थांबला. मग हळूच सरळ झाला. "मी काय बोलत होतो?" तो गर्दीकडे वळून म्हणाला. "आता तोच बोलतोय!" खालून कोणीतरी शिट्टी मारली.

मित्रांनो, दिपेशकडे त्या क्षणी दोन वाटा होत्या. मला खिशातून काढायचं आणि 'हे आजोबांचं, साडेतीनशेचं, मीठ वजा जाता' असं सांगायचं. किंवा दुसरी. त्याने माइक घेतला. मला खिशात धडधड जाणवली. ती लगेच थांबली, म्हणजे निर्णय झाला.

"माफ करा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर भरून आला. "घरातली गोष्ट होती, बोलायची नव्हती. आजोबांना विसरायचा आजार झालाय. स्वतःचं घड्याळ ओळखत नाहीत. मला पण कधीकधी ओळखत नाहीत."

"मी तुला ओलखतोय, दिप्या," राघो म्हणाला. हे मात्र माइकवर गेलं नाही.

नयन पहिल्या रांगेत होता. त्याच्या लग्नात टाकीत बुडलेले माझे काटे त्याला चांगले आठवत असणार. तो आपल्या चपला बघत राहिला. मग दिपेशने माइक गोदासमोर धरला. "आजी, तू सांग. तू तर रोज बघतेस."

गोदाने राघोकडे बघितलं. माझी बॉडी तिने बसवली होती. माझा आवाज ती भिंतीपलीकडून ओळखायची. आपला नवरा खरं बोलतोय हे त्या गर्दीत तिच्याएवढं कोणालाच माहीत नव्हतं. तिने सुदेशकडे बघितलं, शिट्टी मारणाऱ्यांकडे बघितलं.

"इसरतान ते," गोदा म्हणाली. "हल्ली इसरतान."

गर्दीतून 'अरेरे' असा आवाज आला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सुदेश पुन्हा वाकला आणि राघोच्या पाया पडला, पहिल्यापेक्षा जास्त मनापासून. दोन घड्याळांतला फरक ओळखणारा तिथे एकच माणूस होता, आणि त्याला विसरण्याचा आजार होता.

घरी गेल्यावर गोदाच आपण होऊन बोलली. मी तेव्हा खुंटीवर लटकवलेल्या पँटच्या खिशात होतो. "येड्या मानसाला लोक च्या पाजतान," ती म्हणाली. "खोट्या मानसाला कोन पाजतंय?"

राघोला ते पटलं असावं. तीच जास्त वाईट गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर गवंडी नावाची पाटी बसवत होता. चौथऱ्यात खळगा, खळग्यात ओलं काँक्रीट. दिपेश काम बघायला म्हणून आला, खिशातून मला काढलं, इकडेतिकडे बघितलं आणि आत सोडलं. फेकलं नाही, सोडलं. संस्कार चांगले आहेत. मी तेव्हा चालू होतो. वरून पाटी बसली. मशीनमध्ये आधी खारं पाणी गेलं होतं, मग हळद, आता सिमेंट. मी होता होईल तेवढं चाललो. काँक्रीट माझ्याआधी आवळलं.

सुरुवातीला मी जे बोललो नव्हतो, ते हेच.

राघो घरभर मला शोधायला लागला. उशीखाली, चुलीच्या वर, जिथे आता चूल नाही तिथेही. दिपेशने फक्त गोदाला सांगितलं होतं. शेवटी तिला बघवेना. "पोरानं खांबात टाकलंय," तिने सांगून टाकलं. तेव्हापासून राघो रोज सकाळी नाक्यावर येतो. चौथऱ्यावर बसतो, पाटीला कान लावतो आणि म्हणतो, "चाललंय." मग हवेत दोन बोटं धरून चावी देतो. टपरीवरून लोक बघतात, मान हलवतात. सुदेश स्वतः उठून त्याला चहा आणून देतो. "घ्या आजोबा," असं म्हणतो, अहो-जाहो करून. गोदाचं बरोबर होतं. चहा अजून एकदाही चुकलेला नाही.

आता मला खरं दुखतं ते सांगतो. राघो जन्मभर आधी ऐकायचा आणि मग बोलायचा, म्हणून तो जन्मभर खरं बोलला. मी तर पहिल्याच दिवशी बंद पडलोय. तो रोज येऊन, नाक्यावर, चार लोकांत, चाललंय म्हणून सांगतो. ज्या दिवशी सगळ्यांनी त्याला वेडा ठरवलं त्या दिवशी तो वेडा नव्हता. आता मला खात्री नाही.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी 'जुन्या वस्तू जपा' असं सांगायची पद्धत आहे. मी तसं सांगणार नाही. मला फार जपलं. माझा भाऊ बघा, त्याला कोणी जपलं नाही. तो दिपेशच्या कपाटात, पुन्हा डबीत, मजेत आहे. दिपेशच्या हळदीला त्याला बाहेर काढायचं ठरत होतं, पण भाव उतरेल म्हणून तो बेत रद्द झाला. निवडणुकीची आचारसंहिता लागली की माझ्या डोक्यावरची प्रतिकृती गोणपाटाने झाकतात. रस्ता चारही बाजूंनी उकरतात, गटारासाठी, केबलसाठी, पुन्हा गटारासाठी. चौथऱ्याला मात्र हात लावत नाहीत. तिथे एक वेडा आजोबा बसतो, त्याला त्रास नको म्हणून. त्यामुळे मी पुढीलप्रमाणे अर्ज करत आहे.

प्रति,
मा. संबंधित अधिकारी,
चौक, चौथरे व खांब विभाग.

विषय : खांबातील टिकटिक मान्य करणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदार सदर चौथऱ्यात कायमस्वरूपी वास्तव्यास असून सद्यःस्थितीत बंद आहे. तथापि श्री. राघो हे दररोज सकाळी सदर पाटीस कान लावून अर्जदार चालू असल्याचे जाहीर करतात. श्री. राघो यांनी यापूर्वी कधीही खोटे सांगितलेले नसल्याने, व या वयात त्यांच्याकडून ती सुरुवात होणे उचित नसल्याने, सदर खांबातून टिकटिक ऐकू येत असल्याची अधिकृत नोंद पूर्वलक्षी प्रभावाने घेण्यात यावी. तसेच खारे पाणी दोषांमधून वगळण्यात यावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक जुने मनगटी घड्याळ
(मशीन खरे, बाकी भेसळ)

सोबत : मीठ, मूळ प्रत.